दाराची फट

प्लम क्रेझी हा रंग ट्यूबलाइटखाली पाहू नये. तिथे तो काळपट आणि घुमा वाटतो. गॅरेजचं दार वर करून गाडी अर्धी बाहेर ढकलली आणि सप्टेंबरचं तिरपं ऊन बोनेटवर आलं, की जांभूळ खाल्ल्यावर जिभेवर राहतो तो रंग सगळ्या पत्र्यावर पेटतो. डॉजने हा रंग १९७० सालच्या गाड्यांसाठी काढला, त्याचा सांकेतिक क्रमांक एफसी७. रंगात धातूचे बारीक कण असतात आणि ते कोणत्या दिशेला निजतात त्यावर छटा ठरते. त्यामुळे दारं, मडगार्ड, बोनेट सुटे रंगवायचे असले, तर प्रत्येक भाग गाडीवर जसा उभा किंवा आडवा असतो तसाच टांगावा लागतो, आणि स्प्रे गन सगळीकडे तेवढ्याच अंतरावरून, तेवढ्याच वेगाने फिरवावी लागते. आडवं ठेवून रंगवलेलं दार गाडीला लावलं, की ते शेजारच्या पत्र्यापेक्षा वेगळं दिसतं आणि ते वेगळेपण मग कशानेच पुसता येत नाही. आमच्या रंगाऱ्याला हे सगळं ठाऊक होतं. त्याचं काम उत्तम झालं आणि तिथून आमचं सुरू झालं.

गाडी १९७० ची डॉज चॅलेंजर आर/टी. पुढच्या काचेतून डॅशबोर्डवरची पट्टी दिसते, तिच्यावरचा क्रमांक सुरू होतो तो असा: जेएस२३यू०बी. जे म्हणजे चॅलेंजर, एस म्हणजे आर/टी ही वरची श्रेणी, २३ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, यू म्हणजे ४४० घनइंचांचं इंजिन, शून्य म्हणजे १९७० आणि बी म्हणजे हॅमट्रॅम्कचा कारखाना. ४४० घनइंच म्हणजे ७.२ लिटर. पुण्यात मी ज्या मारुती ८०० वर गाडी शिकले, तिच्या इंजिनाच्या नऊपट. कागदावर ३७५ अश्वशक्ती. १९६४ साली पाँटिॲकने मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये मोठ्या गाडीचं ३८९ घनइंची इंजिन बसवून जीटीओ आणली आणि मसल कारचा काळ सुरू झाला, असं साधारणपणे मानतात. दहा वर्षांत तो सरला. विम्याचे हप्ते चढले, धुराविषयीचे कायदे कडक झाले, १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं. पहिल्या पिढीची चॅलेंजर १९७४ मध्ये बंद झाली.

ही गाडी माझी नाही. ती आमच्या शेजाऱ्यांची. माझी मुलगी त्यांना लहानपणापासून ‘आजोबा’ म्हणते, त्यांनी तो शब्द आपल्या परीने उच्चारायला शिकून घेतला, आणि आता आमच्या घरात त्यांना दुसरं नाव उरलेलं नाही. ते हॅमट्रॅम्कमध्ये वाढले, पोलिश कुटुंबात. हॅमट्रॅम्क हे जवळजवळ चहूबाजूंनी डेट्रॉइटने वेढलेलं छोटं स्वतंत्र शहर. एके काळी तिथे गल्लोगल्ली पोलिश बोललं जाई. आज त्याच घरांमधून बांगलादेशी आणि येमेनी माणसं राहतात. आजोबांचे काका आणि निम्मी गल्ली तिथल्या डॉज मेन कारखान्यात होती. आजोबा स्वतः मात्र दुसऱ्या एका कारखान्यात लागले, १९६७ साली, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी एकच काम केलं: दारं बसवली. चॅलेंजर त्यांनी १९७८ मध्ये जुनी विकत घेतली, थोडी चालवली आणि पुढे संसाराच्या रेट्यात ती ताडपत्रीखाली गेली.

माझं काम ऐकलं तेव्हा ते मोठ्याने हसले होते आणि लगेच मला गॅरेजमध्ये घेऊन गेले होते. मी डायमेन्शनल इंजिनिअर आहे. गाडीचे पत्र्याचे भाग एकमेकांशेजारी किती अंतरावर आणि किती पातळीत बसतात, हे पाहणं हा माझा धंदा. नव्या गाडीचं दार आणि मडगार्ड यांच्यामधली फट साडेतीन-चार मिलिमीटर असते, आणि ती वरपासून खालपर्यंत एकसारखी राहावी म्हणून कारखान्यात कॅमेरे, लेझर आणि माझ्यासारखी बरीच माणसं राबतात. इथे डेट्रॉइटच्या ट्रॉय, नोव्हाय, कँटन या उपनगरांतल्या मराठी घरांमध्ये अशी माणसं पुष्कळ. कुणी सीटवर काम करतं, कुणी ब्रेकवर, कुणी आरशाच्या मोटरवर. संबंध गाडी मात्र कुणाच्याच वाट्याला येत नाही. मला ती आजोबांच्या गॅरेजमध्ये मिळाली.

गंज कापून नवा पत्रा जोडणं, इंजिन उतरवून बोअर करणं, गिअरबॉक्स उघडणं ही सगळी मोठी कामं आमच्या मागे पडली होती. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, झालीच की गाडी. रंग झालाय, इंजिन बसलंय, आता चार नटबोल्ट राहिले असतील. जुन्या गाड्यांवर काम करणाऱ्यांना मात्र या टप्प्याची धास्ती असते. कितीतरी गाड्या इथवर येऊन थांबतात आणि ‘जवळजवळ तयार’ अशा जाहिरातीसह विकल्या जातात. आधीच्या कामात धसमुसळेपणा खपतो. गंजलेला पत्रा कापताना हात थोडा सरकला तरी चालतं. आता प्रत्येक पान्याखाली ताजा रंग असतो. बोनेट बिजागऱ्यांवर चढवायचं तर दोन माणसं दोन बाजूंना, मागच्या कोपऱ्यांना जाड टेप, आणि बोलायचं अगदी मोजकं. रंग लावल्यावर पुढची काच येते, दारात काचा भरल्या जातात, रबरी पट्ट्या लागतात, आणि प्रत्येक गोष्टीने आधी जमवलेलं काहीतरी हलतं. रंगाच्या आधी आम्ही दारं बसवून पाहिली होती, छान बसली होती. काच आणि तिचं यंत्र आत गेल्यावर तेच दार मागच्या टोकाला खाली आलं. नवं रबर जाड असतं, ते दाराला बाहेर ढकलतं. इंजिनाचं वजन पुढे आलं की सांगाडासुद्धा किंचित वाकतो. फोटोतली गाडी स्थिर असते. गॅरेजमधली गाडी शेवटपर्यंत हलत असते.

डाव्या दाराची फट मी मोजली. वर, खिडकीच्या खाली, आठ मिलिमीटर. तळाशी पाच. हे आकडे माझ्या ऑफिसात कुणी दाखवले असते तर बैठक बोलावली गेली असती. पण मी आजोबांना म्हटलं, राहू द्या. ही गाडी अशीच होती. रंग खरवडण्याआधी आम्ही जागोजागचे फोटो घेतले होते, मापं लिहून ठेवली होती. त्यांतही फट वर रुंद आणि खाली अरुंदच होती. त्या काळच्या गाड्यांच्या फटी अशा ओबडधोबडच असत, कुठल्याही कंपनीची घ्या. माझं म्हणणं साधं होतं. आपण गाडी सुधारायला बसलेलो नाही, होती तशी करायला बसलो आहोत. कॉर्व्हेटवाल्यांची एक जुनी संघटना आहे, १९७४ पासूनची, नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी. तिच्या परीक्षणात कारखान्यातून बाहेर पडताना गाडी जशी असायची ती कसोटी धरतात. त्याहून चकचकीत केली तर गुण कमी होतात. मला हा विचार मनापासून पटलेला आहे. जुन्या वास्तूच्या भिंतीला ऑइलपेंट फासणाऱ्यांचा मला जितका राग येतो तितकाच कारखान्याच्या खुणा पुसून टाकणाऱ्यांचाही येतो.

आजोबांनी दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग म्हणाले, “तुला काय वाटतं, आम्हाला दिसत नव्हतं?”

मी काही बोलले नाही.

“दार वर आठ आणि खाली पाच असेल तर ते बसवणाऱ्याला दिसतं. हाताला कळतं. मी लाकडी ठोकळा घ्यायचो, खाली पाचर घालायचो, एकदा खांद्याने रेटायचो. दुसऱ्यांदा रेटलं असतं तर बसलं असतं. तोवर पुढची गाडी आलेली असायची.”

यावर मी रात्री उशिरापर्यंत विचार करत राहिले. हॅमट्रॅम्कच्या कारखान्यातला एक प्रसंग इतिहासात नोंदलेला आहे. २ मे १९६८ रोजी डॉज मेनमधल्या सुमारे ४,००० कामगारांनी युनियनच्या परवानगीची वाट न पाहता काम थांबवलं, कारण लाइनचा वेग वाढवला गेला होता. त्यातूनच तिथल्या कृष्णवर्णीय कामगारांची डॉज रेव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट, म्हणजे ‘ड्रम’, ही संघटना उभी राहिली. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण वर आठ आणि खाली पाच या आकड्यांशी त्याचा संबंध असू शकतो, असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी ज्या तिरक्या फटीला अस्सल म्हणून जपायला निघाले होते, तिच्यात बसवणाऱ्याचा हात कितीसा होता? त्याच्या हाताला तर सरळ फट ठाऊक होती. तिरकेपणा आला तो घड्याळातून. मी आदराने जपत होते ते त्या वेगाला, आणि त्या माणसाला जे करायचं होतं ते तसंच अर्धवट राहत होतं.

अस्सलपणाच्या माझ्या कल्पनेला हा धक्का होता आणि तो मला हवासा वाटला. आजही मी कारखान्याच्या खुणा पुसू देत नाही. पण खूण आणि घाई या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे पाहायला मी त्या दारापाशी शिकले. पुढच्या शनिवारी आम्ही डावं दार पुन्हा हाती घेतलं. कडांना टेपचे दोन थर लावले. मी बिजागरीचे बोल्ट जेमतेम हलतील इतके ढिले केले. आजोबांनी मोजपट्टी घेतली नाही. तळहात मडगार्डवरून दारावर आणि दारावरून मागच्या पत्र्यावर सरकवत नेला, मग उलटा आणला. बोटं संधिवाताने वाकलेली, पण तळहात अजून शाबूत आहे. दाराखाली ठोकळा, ठोकळ्यावर पाचर, आणि खांदा. एकदा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्यांदा रेटलं. मी बोल्ट आवळले. सहा वर, सहा खाली. मधे एका जागी साडेसहा आहे, तिथे पत्र्याची कडच तशी आहे, आणि ती आम्ही राहू दिली.

रंगावरचं काम वेगळ्या जातीचं. रंगावरच्या पारदर्शक थरावर, ताज्या क्लिअर कोटवर, बारीक खड्डेखड्डे असतात, ज्याला या धंद्यात ऑरेंज पील म्हणतात. ते घालवायला पाण्यात भिजवलेला १५०० चा पॉलिश पेपर, मग २०००, मग ३०००, आणि त्यानंतर बफिंग. क्लिअर कोटची जाडी साधारण ५० ते ६० मायक्रॉन; त्यातला थोडासाच थर काढायचा असतो. जास्त घासलं की खालचा जांभळा कागदावर येतो आणि मग तो भाग नव्याने रंगवण्यावाचून गत्यंतर नसतं. कडांवर आणि पत्र्याच्या धारेवर रंग नेहमीच पातळ बसतो, म्हणून तिथे टेप लावून ठेवायची आणि हात तिच्या अलीकडेच थांबवायचा. घासलेला पत्रा आधी मंद, दुधाळ होतो. इतका रंग ओतून, इतके पैसे घालून तयार झालेली चमक आपणच आपल्या हाताने मारतो. ज्याने हे कधी केलेलं नाही त्याला त्या वेळी तिथे उभं राहणं कठीण जातं. मग लोकरीचं पॅड फिरतं आणि पत्र्याच्या आतून गॅरेजची छत वर येते, दिव्यांच्या रेषा वाकड्या न होता सरळ दिसू लागतात.

कारखान्यात अर्थातच इतकं कुणी घासत नव्हतं. १९७० च्या गाड्या भट्टीत भाजलेल्या एनॅमलच्या खड्ड्यांसकट विकल्या गेल्या. इथे आम्ही एक तडजोड केली. बाहेरचा सगळा पत्रा घासला. दारं उघडल्यावर दिसणाऱ्या चौकटी, डिकीचा आतला भाग, बोनेटची खालची बाजू यांना कागद लावला नाही. गाडीच्या पोटाला प्रायमर ठेवला आणि कडेकडेने उडालेला जांभळा फवारा जसा असायचा तसा येऊ दिला. ज्याला जुनी चॅलेंजर ओळखता येते तो आधी वाकून पोटच पाहतो.

तपासनिसांच्या खुणांविषयी मात्र माझा आग्रह पक्का होता. पुढच्या सस्पेन्शनवर, इंजिनामागच्या पत्र्यावर खडूच्या रेघा आणि रंगाचे ठिपके होते: हा बोल्ट आवळला, हे जुळवलं, हे पाहिलं. साफसफाईत ते जाणार म्हणून आम्ही प्रत्येक ठिपका टिपून ठेवला होता. हल्ली अशा खुणांचे तयार संच मिळतात. बरीच मंडळी नकाशा पुढे ठेवून ते रंगवून घेतात. मला तो ठिपका नुसता काढायचा नव्हता. बोल्ट टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाला आवळायचा, रेंचचा टक् असा आवाज ऐकायचा, आणि मगच ब्रश पिवळ्या रंगात बुडवायचा, एवढा नियम मी घालून घेतला. असं केल्यावर तो ठिपका नकलेचा राहत नाही. १९७० साली तो जे सांगत होता तेच तो आजही खरेपणाने सांगतो.

मागच्या सीटच्या स्प्रिंगांमध्ये त्या गाडीचा मूळ कागद मिळाला होता, ब्रॉडकास्ट शीट. कोणत्या गाडीला कुठलं इंजिन, कुठला रंग, कुठल्या सीट, हे लाइनवरच्या प्रत्येकाला कळावं म्हणून हे कागद निघत आणि काम झालं की सीटखाली, ग्लव्हबॉक्सच्या वर, कुठेही खोचले जात. कधीकधी दुसऱ्याच गाडीचा कागद सापडतो. आमचा याच गाडीचा निघाला. उंदरांनी एक कोपरा खाल्लेला, पण इंजिनाचा ई८६ आणि रंगाचा एफसी७ स्पष्ट वाचता येत होते. आजोबांनी तो काचेत बसवून भिंतीवर लावला आहे.

खंडेनवमीला इथल्या मराठी घरांमध्ये लॅपटॉप पुजले जातात, कारच्या किल्ल्या पुजल्या जातात. त्या वर्षी मी पाट आजोबांच्या गॅरेजमध्ये नेला. टॉर्क रेंच, फीलर गेज, मल्टिमीटर, आणि मधोमध आजोबांचा लाकडी ठोकळा, कडा झिजून गोल झालेला. दारातल्या वाफ्यात झेंडू अजून टिकून होता. पहिलं हिम पडलं की तो एका रात्रीत काळा पडतो. ताज्या रंगावर कुंकवाचा डाग नको म्हणून हळदकुंकू किल्लीला लावलं. आजोबा टोपी काढून उभे राहिले. त्यांच्याकडेही संत ख्रिस्तोफरच्या सणाला चर्चच्या दारात गाड्यांवर पवित्र पाणी शिंपडतात, असं त्यांनी सांगितलं, आणि माझ्या मुलीने लगेच तांब्यातलं पाणी फुलाने चारही चाकांवर शिंपडलं.

इंजिन पहिल्यांदा सुरू करायच्या आधी त्याला तेल पाजावं लागतं. डिस्ट्रिब्युटर काढायचा, त्याखालचा दात्यांचा दांडा उचलून काढायचा, त्या जागी षटकोनी सळी सोडायची आणि ड्रिलने ती उलट्या दिशेने फिरवायची. म्हणजे तेलाचा पंप इंजिनाशिवाय चालतो. ड्रिल सुरुवातीला मोकळं फिरतं, मग एकदम जड होतं आणि मनगटाला हिसका देतं. तेल वर चढलं. दुसऱ्या माणसाने क्रँक थोडा थोडा फिरवत राहायचं, कारण या इंजिनात रॉकरपर्यंत तेल ठरावीक स्थितीतच पोहोचतं. झाकणं काढलेली होती. एकेका रॉकरच्या बुडातून मधाळ थेंब फुटताना आम्ही मोजले, सोळाच्या सोळा.

त्यानंतरची वीस मिनिटं मी आयुष्यभर विसरणार नाही. जुन्या पद्धतीच्या फ्लॅट टॅपेट इंजिनात नव्या कॅमशाफ्टचे उंचवटे आणि त्यांवर घासणारे टॅपेट यांची पहिल्या वीस मिनिटांत एकमेकांशी सवय व्हावी लागते. इंजिन सुरू झाल्या झाल्या दोन हजारांच्या वर फेरे न्यायचे आणि तिथेच ठेवायचे. मंद चालू दिलं तर तेलाचे शिंतोडे कॅमवर पुरेसे उडत नाहीत आणि उंचवटे झिजून जातात. तेल जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं घ्यायचं, आजच्या गाड्यांच्या तेलात ते कमी असतं. स्पार्कच्या तारा १-८-४-३-६-५-७-२ या क्रमाने लावल्या आहेत ना, हे आजोबांनी बोट फिरवत, जपमाळ ओढावी तसं ओठांत पुटपुटत पाहिलं. मग मला म्हणाले, “तू मार.”

किल्ली फिरवली. दोन वळणं नुसती घरघर. आणि मग आठही सिलिंडर एकदम बोलले. गॅरेजच्या फडताळातल्या बरण्या थरथरल्या. एक्झॉस्टवरचा नवा रंग भाजू लागला, पांढरा धूर आला, मुलगी कानांवर हात ठेवून नाचू लागली. मी तेलाच्या काट्यावर डोळे रोखून पायाने फेरे धरून ठेवले होते. आजोबा टॉर्च घेऊन गळती शोधत होते: पाण्याचा पंप, पेट्रोलची नळी, झाकणांच्या कडा. अधूनमधून अंगठा वर. त्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं. एवढं वजनदार, एवढं खादाड, आजच्या कुठल्याही हिशेबात न बसणारं हे यंत्र; दिवसभर मी ज्या गाड्यांवर काम करते त्यांत आता इंजिनच नसतं. तरीही त्या वीस मिनिटांत माझ्या मनात त्या यंत्राबद्दल निखळ प्रेम होतं आणि ते मी कुणापासून लपवणार नाही.

हिवाळा किरकोळ कामांत गेला. घड्याळ चालत नव्हतं. या गाड्यांमध्ये सगळा विद्युतप्रवाह इंजिनामागच्या पत्र्यातल्या एका प्लगमधून ॲमीटरकडे जातो आणि तो प्लग तापून वितळतो, हे दुखणं प्रसिद्ध आहे. तिथे मी मागे एक जाडसर तार वेगळी टाकली, वरून दिसत नाही अशी. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं, म्हणून सगळ्या नळ्या बदलल्या. टॉर्शन बारचे स्क्रू फिरवून पुढची उंची दोन्हीकडे सारखी केली. आर/टी ही अक्षरं बसवताना आजोबांनी श्वास रोखला होता.

मिशिगनमध्ये जुन्या गाडीची ऐतिहासिक नंबरप्लेट घेतली, तर ती मेळावे आणि मिरवणुकांपुरतीच चालवता येते. ऑगस्ट महिन्यात मात्र मोकळीक असते. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ भरते, १९९५ पासून. याच रस्त्याच्या सिक्स माइल ते सेव्हन माइल या तुकड्यावर १९०९ मध्ये काँक्रीटच्या रस्त्याचा पहिला मैल झाला होता. आम्ही गेलो, तासभर रांगेत सरकलो, पाण्याचा काटा चढला, आणि आजोबा म्हणाले, ही जागा गाडी दाखवायला बरी, चालवायला नाही. सोमवारी आम्ही दोघं हॅमट्रॅम्कला निघालो.

डॉज मेन जानेवारी १९८० मध्ये बंद झाला आणि नंतर पाडला गेला. त्या जागेवर आणि शेजारची पोलटाउन वस्ती उठवून जनरल मोटर्सचा कारखाना उभा राहिला, १९८५ पासून चालू. आता त्याचं नाव फॅक्टरी झीरो आणि तिथे विजेवरच्या गाड्या बनतात. आवारात बेथ ओलेम नावाची जुनी ज्यू दफनभूमी आहे, डॉज मेनच्या काळापासून कारखान्याने वेढलेली, वर्षातून एक-दोनदाच उघडणारी. आजोबांनी कुंपणाबाहेर गाडी थांबवली आणि इंजिन चालूच ठेवलं. पाळी सुटत होती. तरुण मुलंमुली डबे घेऊन बाहेर येत होती. आधी दोघं थांबली, मग पाच-सहा. कुणी बोनेट उघडायला सांगितलं, कुणी किती पेट्रोल खाते ते विचारलं. एक मुलगी बोनेटकडे गेलीच नाही. ती डाव्या दाराशी वाकली, बोट फटीतून वरून खाली फिरवलं आणि विचारलं, हे कुणी बसवलं? ती आत दारांवरच होती. आजोबा वळून तिच्यापाशी गेले आणि ४४० च्या धडधडाटावर आवाज चढवून तिला सांगू लागले, बिजागरीचे बोल्ट किती ढिले करायचे, पाचर कुठे घालायची, खांदा कुठे टेकवायचा. ती मधेच त्यांना थांबवून आपल्याकडचा यंत्रमानव दार कसा धरतो ते हातांनी दाखवत होती.